डॉ. सलीम अली : पक्ष्यांवरचा संशय तपासणारे शास्त्रज्ञ

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लवकर गेले, मामांनी वाढवलं. लहानपणी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि कायमचे पक्ष्यांचे झाले.

त्यांचं एक काम मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. १९५७ साली आजच्या कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली. माणसांनाही ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो रशियातल्या एका विषाणूसारखा निघाला. मग संशय आला तो हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवर!

सलीम अलींनी पक्ष्यांना लगेच दोषी ठरवलं नाही, की आंधळेपणाने त्यांची बाजूही घेतली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्यांनी तपास सुरू केला. पक्षी जाळ्यात धरायचा, अंगावरच्या गोचिडी काढून तपासायला द्यायच्या, पायात क्रमांकाचं हलकं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. पक्ष्यांनी हा रोग आणला, असं काही सिद्ध झालं नाही. तो पसरत होता त्याच जंगलातल्या गोचिडींमुळे. शिवाय कड्यांमुळे पक्ष्यांच्या प्रवासाच्या वाटा कळल्या, त्या वेगळ्याच!

१९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाला. २० जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, आजही रोगाची बातमी आली की काहीजण वटवाघळांची झाडं तोडायला धावतात. तेव्हा तुम्ही एवढंच विचारा, आधी तपासलंत का?