सुरांना रंग देणारा संगीतकार

घरच्या घरी बनवलेल्या गिटारला किंवा पेटीला एलईडी दिव्यांची पट्टी जोडायची आणि सूर वाजला की दिवे रंग बदलताना पाहायचे, हा आज अनेक हौशी मंडळींचा छंद आहे. छोटा मायक्रोफोन आवाज टिपतो, नखाएवढी चिप त्यातील कमी-जास्त कंपनसंख्येचे ध्वनी वेगळे करते आणि त्यानुसार दिवे लागतात. मात्र सुरासोबत रंग दिसावा, या ध्यासापायी शंभर वर्षांपूर्वी एका रशियन संगीतकाराने जंग जंग पछाडले होते. त्याचे नाव अलेक्झांडर स्क्रियाबिन.

स्क्रियाबिन यांचा जन्म मॉस्कोत 1872 साली झाला. आई उत्तम पियानोवादक होती. पण मूल वर्षभराचे असतानाच क्षयाने तिचा मृत्यू झाला. वडील परदेशी वकिलातीत नोकरीला, त्यामुळे मुलाला आत्या आणि आजीने वाढवले. पियानोच्या यंत्रणेचे या मुलाला एवढे वेड, की तो स्वतःच्या हाताने छोटे पियानो बनवायचा आणि घरी आलेल्या पाहुण्यांना भेट द्यायचा.

मॉस्कोच्या संगीत विद्यालयात रखमानिनोव त्यांचे सहाध्यायी होते. स्क्रियाबिन यांचा पंजा लहान होता. तरीही सहाध्यायांच्या चुरशीत त्यांनी अतिशय अवघड रचनांचा अतिरेकी सराव केला आणि उजवा हात दुखावून घेतला. तो बरा होणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. या काळात त्यांनी डाव्या हाताला तयार केले. केवळ डाव्या हाताने वाजवायच्या त्यांच्या दोन रचना आजही पियानोवादकांची परीक्षा पाहतात. पुढे उजवा हातही बराच सुधारला.

स्क्रियाबिन प्रत्येक पट्टीला एक रंग देत. सी म्हणजे लाल, डी पिवळा, ए हिरवा. एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होण्याला विज्ञानात ‘सिनेस्थेशिया’ म्हणतात. हा आजार नाही, मेंदूची वेगळी ठेवण आहे. ज्येष्ठ संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव यांनाही सुरांत रंग जाणवत. डी मेजर पिवळा, यावर दोघांचे एकमत होते. इतर अनेक रंग मात्र जुळत नव्हते. सिनेस्थेशियात असे होणारच, कारण प्रत्येकाची रंगसंगती निराळी असते. स्क्रियाबिन यांना खरोखर रंग दिसत होते का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. षड्ज-पंचम नात्याने बारा स्वर ओळीने मांडले, तर त्यांचे रंग जवळपास इंद्रधनुष्याच्या क्रमाने येतात. त्यामुळे ही यादी अनुभवातून कमी आणि विचारातून अधिक आली असावी, असे काहींना वाटते.

1910 साली त्यांनी ‘प्रोमिथियस’ ही वाद्यवृंदाची रचना पूर्ण केली. व्हायोलिन, बासरीसाठी असतात तशा प्रकाशासाठीही त्यांनी स्वरलिपीत स्वतंत्र ओळी लिहिल्या. आजचे दिवे आवाजाच्या मागून धावतात. स्क्रियाबिन यांचा प्रकाश वादकाने हाताने वाजवायचा होता. संपूर्ण सभागृह रंगात न्हाऊन निघावे, ही त्यांची इच्छा होती. तंत्रज्ञ मित्र अलेक्झांडर मोझर यांनी त्यांना लाकडी चकतीवर गोलाकार रंगीत दिवे बसवून एक छोटे यंत्र करून दिले. ते घरच्या खोलीपुरते ठीक होते. सभागृह उजळण्याइतके बळ त्या काळच्या साधनांत नव्हते. 1911 साली मॉस्कोत झालेला पहिला प्रयोग रंगांविनाच पार पडला.

20 मार्च 1915 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ‘प्रोमिथियस’ प्रथमच रंगांसह सादर झाले, तेही एका लहान पडद्यावर. स्क्रियाबिन तेव्हा मॉस्कोत होते. हिमालयाच्या पायथ्याशी सूर, रंग, सुगंध आणि नृत्य यांचा सात दिवसांचा सोहळा करण्याचे स्वप्न ते रंगवत होते. एप्रिलमध्ये त्यांच्या वरच्या ओठावर गळू झाले. त्यातले जंतू रक्तात पसरले. शल्यचिकित्सकांनी चिरा दिल्या, पण ताप उतरेना. प्रतिजैविके अजून यायची होती. पेनिसिलिनचा शोध लागला तो 1928 मध्ये. 27 एप्रिल 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 43व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातील फोड फोडू किंवा दाबू नये, असे डॉक्टर आजही बजावतात. तिथल्या शिरांचा संबंध थेट मेंदूकडील शिरांशी असतो आणि संसर्ग वेगाने आत जाऊ शकतो.

मॉस्कोतील त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे आणि मोझर यांनी बनवलेली दिव्यांची चकती तिथे जपून ठेवली आहे. 2010 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात आधुनिक प्रकाशयंत्रणेच्या साहाय्याने, स्वरलिपीतील प्रकाशाच्या ओळींबरहुकूम ‘प्रोमिथियस’ सादर झाले आणि सभागृह रंगांनी भरून गेले. पहिल्या प्रयोगाला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे झाली होती.