लहानपणीचा तो गेम कोणता होता? शोधायला गेलं की गुनपेई योकोई भेटतात

गणपतीला चाकरमानी गावाला यायचे, तेव्हा त्यांच्या पिशव्यांतून काय निघतं याकडे बिरवाडीतल्या आम्हा पोरांचं बारीक लक्ष असायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी माझ्या आतेभावाच्या खिशातून एक चपटी डबी निघाली. तळहातात मावेल एवढी. मध्ये काच, दोन्ही बाजूंना एकेक बटण. एरवी ती वेळ दाखवायची, म्हणजे आमच्या लेखी ते घड्याळच होतं. पण बटण दाबलं की काचेवर काळी माणसं टपाटप खाली पडायला लागायची आणि आपण त्यांना झेलायचं.

गौरी जायच्या आधीच सेल संपले. घड्याळात असतात तसले बटणाएवढे सेल, ते बिरवाडीच्या बाजारात काही मिळाले नाहीत. महाडला घड्याळवाल्याकडून आणले, तर दुसऱ्या दिवशी भाऊ एसटीने मुंबईला परत. डबी गेली ती गेलीच.

त्यानंतर दर गणपतीला आमचं एकच भांडण. मी म्हणतो, माणसं जळत्या इमारतीतून उड्या मारत होती आणि खाली दोघं जण चादर धरून पळत होते. तो म्हणतो, माणसं हेलिकॉप्टरमधून छत्री घेऊन उतरत होती, खाली होडी होती आणि पाण्यात शार्क होते. गेमचं नाव दोघांनाही ठाऊक नाही. तेव्हा नाव विचारतंय कोण? ‘व्हिडिओ गेम’ हेच नाव.

अशी भांडणं घरोघर आहेत. कुणाला टँकचा गेम आठवतो, कुणाला फुग्याला लटकलेली माणसं, कुणाला बंदुकीने बदकं मारायची आणि एक हसणारं कुत्रं. गंमत अशी, की हे गेम शोधत मागे गेलं की एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. ते नाव गुनपेई योकोई.

योकोईंचा जन्म 10 सप्टेंबर 1941 चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि 1965 मध्ये गावातल्याच एका कंपनीत नोकरी धरली. कंपनीचं नाव निन्टेन्डो. आज हे नाव ऐकलं की मारिओ आठवतो, पण 1889 मध्ये सुरू झालेली ही कंपनी तेव्हा पत्ते छापायची. हानाफुदा नावाचे जपानी फुलांचे पत्ते. योकोईंचं काम काय, तर पत्ते बनवणारी यंत्रं बिघडली की दुरुस्त करायची. एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात मेंटेनन्सचा माणूस असतो ना, तसं.

यंत्रं रोज थोडीच बिघडतात? रिकाम्या वेळात योकोई हाताला काहीतरी चाळा म्हणून वस्तू बनवत बसायचे. जुन्या लिफ्टला असायचा तसा जाळीचा सरकता दरवाजा आठवा. तशाच एकमेकांत गुंतवलेल्या पट्ट्यांचा एक लांबणारा हात त्यांनी तयार केला. मुठी जवळ आणल्या की तो सर्रकन पुढे जाणार आणि लांबची वस्तू पकडणार. नेमके हे मालक हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडलं. कामाच्या वेळेत खेळतो म्हणून नोकरी जायची, पण यामाउचींनी तीच वस्तू विकायला काढायला सांगितली. 1966 मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ती बाजारात आली आणि दहा लाखांच्या वर खपली. मेंटेनन्सचा माणूस खेळणी बनवणारा झाला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे खेळण्यांचा नुसता सपाटा. घरातल्या घरात चेंडू फेकणारं यंत्र झालं. दोघांनी हात धरल्यावर प्रेम किती ते सांगणारा ‘लव्ह टेस्टर’ 1969 मध्ये आला. त्यात होता फक्त अंगातून जाणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजणारा काटा, बाकी सगळा खेळणाऱ्यांचा उत्साह.

यातलं आपल्या कामाचं खेळणं म्हणजे 1970 ची प्रकाशाची बंदूक. शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा सौरघट विकायला निन्टेन्डोत यायचे. सौरघट वीज बनवण्यासाठी, हे सगळ्यांनाच माहीत. योकोईंना त्यात दुसरंच दिसलं. सौरघटाला प्रकाश कळतो, म्हणजे तो निशाण होऊ शकतो. बंदुकीतून गोळीऐवजी प्रकाश मारायचा, निशाणावर पडला की निशाण उडणार. हेच उएमुरा पुढे निन्टेन्डोत आले आणि त्यांनीच 1983 चा फॅमिकॉम बनवला. नव्वदच्या दशकात पिवळ्या कॅसेटवाले जे व्हिडिओ गेम आपल्याकडे घरोघरी होते, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला.

बंदुकीची कल्पना योकोईंनी पुढे ताणली. 1973 मध्ये बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये नेमबाजीचे मोठे खेळ उभे केले. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात गेली. तरी बंदूक काही सुटली नाही. 1976 मध्ये भिंतीवर बदकं पाडणारं खेळणं आलं आणि 1984 मध्ये योकोईंच्याच विभागातून टीव्हीवरचा ‘डक हंट’ बाहेर पडला. बदकं आणि हसणारं कुत्रं ज्यांना आठवतं, त्यांचा गेम हाच.

यात एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. टीव्हीवरची बंदूक काहीच मारत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर कुत्रं हसलं. हा हिशेब जुन्या डबा टीव्हीच्या वेळेशी बांधलेला आहे. नव्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून माळ्यावरची जुनी बंदूक काढून जोडली तरी एकही बदक मरत नाही. बंदूक बिघडलेली नसते. आणि हो, एका बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं. आमच्याकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. कॅसेटसोबत माहितीचा कागद यायचाच नाही.

आता आमच्या डबीकडे येऊ.

योकोई सांगत ती गोष्ट अशी. एकदा ते शिंकानसेन रेल्वेने जात होते. समोर एक नोकरदार कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. मोठ्या माणसालाही वेळ घालवायला काहीतरी हवंय, पण चारचौघांत खेळणं काढायची लाज वाटते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग न दिसेल असं, मुठीत लपेल असं काही बनवलं तर? पुढे एकदा यामाउचींचा ड्रायव्हर आला नाही म्हणून मालकांची गाडी चालवायची पाळी योकोईंवर आली. गाडीत गप्प बसायचं कसं, म्हणून त्यांनी ही कल्पना सांगितली. मालकांनी ती नुसती ऐकली नाही, तर थेट शार्पच्या प्रमुखांच्या कानावर घातली.

शार्पलाही ते हवंच होतं. शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटर स्वस्त करायची चढाओढ लागली होती, त्यात एलसीडीची काच आणि चिप मातीमोल झाल्या होत्या. 1980 मध्ये ‘गेम अँड वॉच’ बाजारात आला. खेळ आणि घड्याळ एकात. 1991 पर्यंत या मालिकेचे 4 कोटींहून जास्त नग खपले, आणि त्याच्या नकला निघाल्या त्या वेगळ्याच.

या काचेत चित्र हलत नाही, हे समजून घेतलं की आठवणी लावायला सोपं जातं. प्रत्येक माणूस, प्रत्येक जागेवर, आधीच काचेत कोरलेला असतो. चिप फक्त एक विझवते आणि शेजारचा दाखवते. डबी तिरकी धरली की सगळी माणसं एकदमच पुसट दिसायची, आठवतंय? ती भुतं नव्हती, ती पुढच्या चाली होत्या. मागची रंगीत इमारत तर सरळ छापलेली असायची.

म्हणून असला गेम ओळखायचा असेल तर आधी बटणं आठवावीत, चित्रं नंतर. चित्रं एकमेकांत मिसळतात, बोटं सहसा विसरत नाहीत. कोंबड्यांच्या चार घसरगुंड्यांवरून येणारी अंडी टोपलीत झेलायचा खेळ आठवत असेल तर चार बटणं होती. पण अंडी झेलणारा कोण, यावर भांडण होणारच. 1981 मध्ये निन्टेन्डोने तो खेळ दोन रूपांत काढला, एकात लांडगा, दुसऱ्यात मिकी माऊस. 1984 मध्ये सोव्हिएत रशियाने त्याची नक्कल काढली, त्यात त्यांच्या कार्टूनमधला लांडगा. तिघंही भांडणारे खरं बोलत असू शकतात.

याच मालिकेतला 1982 चा ‘डाँकी काँग’ पुस्तकासारखा मिटणारा होता. त्यात दांडा बसवला तर झाकण मिटेना. म्हणून योकोईंनी अधिकच्या चिन्हाचं एक चपटं बटण केलं, अंगठा न उचलता चारही दिशा. पुढच्या वर्षी ते फॅमिकॉमच्या रिमोटवर आलं आणि मग जगातल्या जवळपास प्रत्येक रिमोटवर. मारिओला उडी मारायला लावताना आपल्या डाव्या अंगठ्याला जो घट्टा पडायचा, तो योकोईंची देणगी. मारिओ घडवणारे शिगेरू मियामोतो हेही सुरुवातीला त्यांच्याच हाताखाली शिकले.

योकोईंचं डोकं एकाच दिशेने चालायचं. नवं, महाग तंत्र घ्यायचं नाही. जुनं, मुरलेलं, सगळीकडे स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि जिथे कुणी ते वापरलं नाही तिथे वापरायचं. 1989 चा ‘गेम बॉय’ हा याचा कळस. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागे दिवा नाही. अटारी आणि सेगा यांनी रंगीत पडदे आणले, पण त्यांना सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत बसायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी जास्त चालायचा. अमेरिकेत त्याच्यासोबत ‘टेट्रिस’ दिला गेला. पुढच्या रंगीत मॉडेलसह तो 11 कोटींहून अधिक खपला. नव्वदच्या दशकात जत्रेत, एसटी स्टँडवर मिळणारा तो ठोकळ्यांचा ब्रिक गेम, ज्यावर 9999 गेम लिहिलेले असायचे आणि प्रत्यक्षात मोजकेच निघायचे, तो योकोईंचा नाही. पण स्वस्त एलसीडी आणि टेट्रिस ही जोडी त्यानेही तशीच उचलली.

मग एक डाव फसला. 1995 मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. टेबलावर ठेवलेल्या यंत्रात डोळे घालून खोल दिसणारं चित्र बघायचं, तेही फक्त लाल आणि काळं. लोकांची डोकी दुखली, मान अवघडली. आठ लाखही नग खपले नाहीत आणि वर्षभरात दुकान बंद. माझं मत विचाराल तर इथे योकोई आपलाच नियम विसरले. हे मुरलेलं तंत्र नव्हतंच.

15 ऑगस्ट 1996 ला त्यांनी 31 वर्षांची नोकरी सोडली. या अपयशामुळेच सोडली, असं सर्रास सांगितलं जातं, पण स्वतःचं काही करायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं. क्योतोतच त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बंदाईसाठी हातातल्या गेमवर काम सुरू केलं. आडवा-उभा दोन्ही प्रकारे धरता येणारा आणि एकाच पेन्सिल सेलवर चालणारा. पुन्हा तोच जुना हट्ट.

तो पूर्ण झालेला बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. 4 ऑक्टोबर 1997 ला इशिकावा भागातल्या द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीची पुढच्या वाहनाला धडक बसली. काय झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. वय 56. 1999 मध्ये ‘वंडरस्वान’ बाजारात आला, तेव्हा त्यातल्या एका कोड्याच्या खेळाला त्यांचंच नाव दिलेलं होतं, ‘गनपे’.

आणि आमचं भांडण? जळती इमारत, चादर धरलेले दोघं आणि उजवीकडे ॲम्ब्युलन्स, हा खेळ आहे ‘फायर’. रंगीत इमारत म्हणजे 1981 चं रूप. हेलिकॉप्टर, होडी आणि शार्क, हा खेळ आहे ‘पॅराशूट’, तोही 1981 चाच. दोन्हींना दोनच बटणं, दोन्हींत वरून माणसं पडतात. यंदा गणपतीला मी भावाला मोबाइलवर दोन्ही दाखवले. बराच वेळ बघून त्याने कबूल केलं, की पॅराशूटवाला त्याच्या चाळीतल्या मित्राचा होता आणि बिरवाडीला आणला तो त्याचा स्वतःचा, म्हणजे फायर. मग म्हणाला, की आपल्या डबीत अंडी झेलणारा मिकीसुद्धा होता. मी बटणं किती होती ते विचारलं. तो अजून आठवतोय.