तिबेटची वाट आणि महापंडिताची तयारी

१४ एप्रिल हा आपल्यासाठी बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. याच तारखेला १९६३ साली दार्जिलिंगला महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे निधन झाले, ही गोष्ट जयंतीच्या धामधुमीत सहसा लक्षात येत नाही. आज त्यांची आठवण आम्ही करतो आहोत, त्याला कारण आहे. आपल्या वस्त्यावस्त्यांतून धम्म सहली निघतात. बोधगया, सारनाथ झाले की लोक तवांगचा विचार करतात. अरुणाचलचा परवाना कसा काढायचा, स्वेटर किती न्यायचे, याची चौकशी होते. पण डोक्यात काय घेऊन जायचे, याची चौकशी कोण करतो?

आझमगढ जिल्ह्यातील पंदहा गावी, आजोळी, १८९३ साली जन्मलेले केदारनाथ पांडे हेच पुढचे राहुलजी. ब्राह्मण घरातला हा मुलगा घर सोडून पळाला, वैष्णव साधू झाला, मग आर्य समाजात गेला आणि शेवटी तथागतांपाशी येऊन पोहोचला. १९२७ साली ते सिंहलद्वीपी केलानियाच्या विद्यालंकार विहारात गेले. तेथे भिक्खूंना संस्कृत शिकवावे आणि स्वतः पाली शिकावी, असे सुमारे दीड वर्ष चालले. त्रिपिटक अभ्यासताना त्यांना कळले की नालंदा, विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यावर भारतातून नाहीसे झालेले बौद्ध ग्रंथ तिबेटी अनुवादात जिवंत आहेत. तिबेटला जायचे ठरले ते त्यासाठी. म्हणजे प्रवासाची खरी तयारी सामान बांधण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

मुख्य अडचण होती परवान्याची. सिक्कीमकडच्या वाटेवर इंग्रज सरकारची परवानगी लागे. असहकाराच्या काळापासून दोनदा तुरुंग भोगलेल्या माणसाला ती कोण देणार? नेपाळातही राणांच्या राजवटीत परक्याला सहज शिरकाव नव्हता. फक्त महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंसाठी दार उघडे असे. १९२९ सालच्या शिवरात्रीला बुद्धाचा हा अभ्यासक शंकराच्या यात्रेकरूंच्या गर्दीतून नेपाळात शिरला! यात्रा संपली, लोक परतले. राहुलजी मात्र लपून राहिले. एका भोटिया लामाच्या मंडळीत मिसळले, भोटिया वेश केला, त्यांच्यात राहून तिबेटी बोलण्याचा सराव केला. विचारले तर आपण किन्नौरकडचे, असे सांगायचे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही त्यांची पूर्वतयारी.

पुढची वाट पायांची परीक्षा पाहणारी होती. सोबतीला सुमती नावाचा मंगोल भिक्खू होता. जुन्या, ओस पडलेल्या चिनी किल्ल्यापाशी एक माणूस राहदारी मागायला आला, तेव्हा दोघांच्या दोन चिठ्ठ्या त्याच्या हाती दिल्या आणि वाट मोकळी झाली. त्यापुढे सोळा-सतरा हजार फुटांवरचा थोंगला घाट. मैलोन्‌मैल गाव नाही, दरोडेखोरांना मोकळे रान. तेथे हत्यार बाळगायला कायद्याची आडकाठी नव्हती, आणि दरोडेखोर आधी माणूस मारीत, मग त्याची गाठोडी चाचपीत. राहुलजींचे संरक्षण काय? अंगावरचा भिकाऱ्याचा वेश. संशयित माणूस दिसला की टोपी काढायची, जीभ बाहेर काढून दाखवायची आणि पैसा मागायचा. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला कोण लुटणार?

या वाटेवर त्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली. तेथे जातपात नाही, शिवाशीव नाही. अनोळखी वाटसरूने घरात थेट आत जावे, जवळचा चहा घरच्या बाईच्या हाती द्यावा, तिने तो करून द्यावा. मात्र अगदी गरीब भिकाऱ्याला चोरीच्या भीतीने आत घेत नसत, हेही त्यांनी लपवले नाही. सत्य सांगताना आवडत्या भूमीलाही सवलत द्यायची नाही, ही त्यांची शिस्त होती. ज्या देशात पाणवठ्यावर माणूस विटाळ ठरत होता, महाडचा सत्याग्रह होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्या देशातून गेलेल्या माणसाला हा अनुभव केवढा वाटला असेल!

जुलै १९२९ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. १९३० साली परतले ते ग्रंथ आणि थांका चित्रे खेचरांवर लादून. त्याच वर्षी सिंहलात चीवर धारण केले आणि राहुल सांकृत्यायन झाले. पुढे १९३४, १९३६ आणि १९३८ साली ते पुन्हा तिबेटात गेले. जातीच्या अहंकाराला जडबुद्धीचे लक्षण मानणाऱ्या धर्मकीर्तीच्या तर्कपरंपरेतल्या संस्कृत पोथ्या त्यांनी विहारांच्या धुळीतून बाहेर काढल्या. हा ठेवा पाटण्याला आहे. त्यांचे धम्मबंधू भदंत आनंद कौसल्यायन पुढे नागपूरला आले आणि बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांनी हिंदीत नेला, म्हणजे ही वाट आपल्या दारापर्यंत आलेली आहे.

बांधवांनो, तवांगला जरूर जा. परवाना वेळेत काढा, चढताना अंगाला विरळ हवेची सवय होऊ द्या. पण निघण्यापूर्वी थोडी पाली शिका, राहुलजींचे एखादे पुस्तक वाचा, तिथल्या भिक्खूला विचारायचे चार प्रश्न वहीत लिहून न्या. परवाना मिळाला की चौकी उघडते. पोथी उघडायला अभ्यासच लागतो, आणि तो कोणत्याही कचेरीत मिळत नाही.