बलराज साहनी : वेषांतरापलीकडचा अभिनय

आपल्या चित्रपटसृष्टीत ‘अष्टपैलू’ हे विशेषण फार सढळ हाताने वाटले जाते. दाढीमिशा बदलल्या, एकाच चित्रपटात तीनचार सोंगे वठविली, की नट अष्टपैलू ठरतो. या मापाने मोजले तर बलराज साहनी यांचा क्रमांक बराच खाली लागेल. त्यांनी चेहऱ्यावर रंगाचे थर फारसे चढविले नाहीत. तरीही कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू, सुकामेवा विकत हिंडणारा काबुलीवाला आणि आग्र्याचा सलीम मिर्झा ही तीन माणसे एकमेकांची ओळखही देणार नाहीत, इतकी वेगळी आहेत. हे कशामुळे साधले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडते.

बलराज यांचा जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडीत झाला. पाळण्यातले नाव युधिष्ठिर. वडील आर्यसमाजी वळणाचे सधन व्यापारी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम. ए. झाल्यावर मुलाने पेढीवर बसावे, ही घरची अपेक्षा होती. काही काळ ती पाळून या तरुणाने पत्नी दमयंती यांच्यासह घर सोडले आणि शांतिनिकेतनात अध्यापन पत्करले. इंग्रजी-हिंदीत लिहू पाहणाऱ्या या पंजाबी तरुणाला रवींद्रनाथांनी मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. तो मानण्यास बरीच वर्षे लागली. पण पुढे पाकिस्तान व रशिया यांची प्रवासवर्णने त्यांनी पंजाबीतच लिहिली. शांतिनिकेतनानंतर वर्ध्याजवळील सेवाग्रामात नई तालीमचे काम आणि मग १९४० ते १९४४ या युद्धकाळात लंडनला बी.बी.सी.ची नोकरी, अशी त्यांची वाटचाल झाली. रवींद्रनाथ, गांधी आणि युरोपातील युद्ध अशा तिन्ही शाळांतून गेलेला नट आपल्याकडे विरळाच.

मायदेशी परतल्यावर ते मुंबईत इप्टाच्या, म्हणजे जननाट्य संघाच्या, चळवळीत सामील झाले. बंगालच्या दुष्काळावरील ‘धरती के लाल’ (१९४६) या चित्रपटात पतिपत्नी दोघांनीही कामे केली. पुढच्याच वर्षी दमयंती यांचे अकाली निधन झाले. नंतरचा काळ ओढगस्तीचा होता. कम्युनिस्ट चळवळीतील सहभागामुळे त्यांना तुरुंगवास घडला. ‘हलचल’ (१९५१) या चित्रपटात त्यांची भूमिका जेलरची होती आणि चित्रीकरणासाठी त्यांना खऱ्या तुरुंगातून आणले जाई. दैवाचा याहून बोचरा विनोद कोणा पटकथाकाराला सुचला नसता. बाहेर कॅमेऱ्यासमोर त्यांचे अंग आखडे, शब्द घशात अडकत. अभिनय त्यांना उपजत लाभला नव्हता. तो त्यांनी कष्टाने मिळविला.

‘दो बीघा जमीन’ची (१९५३) कथा म्हणूनच मुळातून पाहावयास हवी. सुटाबुटातील हा गोरागोमटा गृहस्थ शेतकरी कसा शोभेल, अशी शंका बिमल रॉय यांना आली होती आणि ती रास्त होती. बलराज यांनी तिचे उत्तर रंगपेटीत शोधले नाही. मुंबईच्या जोगेश्वरीत म्हशी पाळणाऱ्या उत्तर भारतीय भय्यांच्या वस्तीत जाऊन ते त्यांचे बसणे-उठणे, बोलणे न्याहाळत राहिले. कलकत्त्यात ते स्वतः रिक्षा ओढावयास शिकले. तरीही आत्मविश्वास डळमळलेलाच होता. अशा वेळी एका वयस्क रिक्षावाल्याशी त्यांची गाठ पडली. बिहारमधील त्याची दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण होती आणि ती सोडविण्याच्या आशेवर त्याची वर्षे रिक्षाच्या दांड्यात गेली होती. पटकथेतील शंभू रस्त्यावर उभा होता. त्या क्षणापासून बलराज यांनी अभिनयाच्या सिद्धान्तांची चिंता सोडली आणि त्या माणसाची व्यथा आपल्या अंगावर घेतली.

पुढच्या भूमिकांतही हेच सूत्र दिसते. ‘गरम कोट’मधला (१९५५) शंभराची नोट हरवलेला कारकून, ‘अनुराधा’तला (१९६०) रुग्णांच्या सेवेत पत्नीला विसरणारा खेड्यातील डॉक्टर, ‘हकीकत’मधला (१९६४) लष्करी अधिकारी, ‘वक्त’मधला (१९६५) ऐश्वर्याने मातलेला आणि भूकंपाने भुईसपाट झालेला लाला केदारनाथ! यांतील प्रत्येकाला आपला धंदा आहे, मिळकत आहे, समाजात ठरलेली पायरी आहे. त्या पायरीने माणसाची पाठ किती वाकते, आवाज किती चढतो, याचा हिशेब बलराज यांना अचूक ठाऊक होता.

अर्थात त्यांच्या कारकिर्दीचे गुणगानच करावे असे नाही. चरितार्थासाठी त्यांनी पुष्कळ साचेबंद चित्रपट केले. प्रेमळ पिता, सोशिक थोरला भाऊ यांचा त्यात सुकाळ होता. भांडवलशाहीवर टीका करणारा नट त्याच भांडवलावर पोसलेल्या धंद्यात वावरतो, ही विसंगतीही होतीच. तिची भरपाई ते पडद्याबाहेर करीत राहिले. १९७० साली भिवंडीत दंगल उसळली, तेव्हा तेथील वस्तीत जाऊन त्यांनी मुक्काम केला.

हे सारे संचित एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’त एकवटले. फाळणीनंतर आप्त एकेक करून पाकिस्तानात निघून जात असता आग्रा न सोडणारा चर्मव्यावसायिक सलीम मिर्झा त्यांनी साकारला. फाळणीने रावळपिंडीस मुकलेल्या पंजाबी हिंदूने हिंदुस्थानात राहू इच्छिणाऱ्या मुसलमानाचे दुःख आपले मानले, हीच मोठी गोष्ट. चित्रपटात मिर्झाची मुलगी आत्महत्या करते; बलराज यांनी स्वतःची तरुण मुलगी १९७२ मध्ये गमावली होती. तरीही त्या प्रसंगात त्यांनी आक्रोश केला नाही. मिर्झा नुसता थिजून जातो. आवाजमुद्रणाचे काम संपविल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आपली सर्वश्रेष्ठ भूमिका पडद्यावर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

वेषांतराला टाळ्या लवकर मिळतात, पण वेष उतरला की ते सरते. दुसऱ्याच्या जिण्यात शिरण्यासाठी आधी आपल्या वर्गाचा, धर्माचा आणि प्रतिष्ठेचा उंबरठा ओलांडावा लागतो. बलराज साहनी तो आयुष्यभर ओलांडीत राहिले. ‘अष्टपैलू’ हा किताब द्यावयाचाच तर या कसोटीवर द्यावा. मग तो मिळण्यास पात्र ठरणारे फार थोडे उरतील.