दगडावरची अक्षरे : मुन्शी नवल किशोर

वाचकहो, तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची एखादी लाकडी पेटी असेल, आणि तिच्यात पिवळे पडलेले, कडा झिजलेले एखादे उर्दू किंवा फारसी पुस्तक असेल, तर ते जरा जपून बाहेर काढा आणि शेवटचे पान पाहा. मसनवी असो, फिक्हचा ग्रंथ असो की युनानी औषधांचे पुस्तक असो, तेथे लखनौचे मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याचे नाव सापडण्याचा संभव फार आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील मुसलमानांच्या घरी जेवढी छापील पुस्तके पोहोचली, त्यांतली फार मोठी संख्या या एका माणसाच्या छापखान्यातून निघाली होती. हा माणूस भार्गव कुळातला हिंदू होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या क्रमिक पुस्तकांत त्यांच्यावर धडा असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हे चार शब्द.

नवल किशोर यांचा जन्म ३ जानेवारी १८३६ रोजी मथुरा जिल्ह्यात झाला. घराणे अलीगढ जिल्ह्यातील सासनीचे, जमीनजुमला बाळगणारे. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगा आधी मकतबात बसला, फारसी-अरबी शिकला आणि मग आग्रा कॉलेजात गेला. हिंदू घरातील मुलाने फारसी शिकण्यात त्या वेळी कोणालाही नवल वाटत नसे. ती दरबाराची, कचेरीची आणि सभ्य माणसांची भाषा होती. पण याच सुमारास तिचे दिवस भरत आले होते. कंपनी सरकारने १८३७ साली कचेऱ्यांतून फारसी उठवली होती, आणि उत्तरेकडे तिच्या जागी उर्दू आली होती. नकलनवीस, वकील, शाळामास्तर, पोलीस ठाण्यातला मुहर्रिर, सगळ्यांना आता उर्दू वाचणे भाग होते. वाचणारे वाढले, पण वाचायला पुस्तके कुठे होती? हाताने नकललेली पोथी घेण्याची ऐपत थोड्यांचीच.

कॉलेज सोडून तरुण नवल किशोर लाहोरला गेले. तेथे मुन्शी हरसुख राय यांचा ‘कोह-ए-नूर’ नावाचा छापखाना होता आणि त्याच नावाचे वर्तमानपत्र १८५० पासून निघत होते. छापखान्यात काम करता करता शाई कशी करावी, कागद कोठून आणावा, कातिबाकडून वेळेवर काम कसे घ्यावे, सरकारी छपाईचे ठेके कसे मिळतात, हे सारे या पोराने डोळ्यांखालून घातले. पदवी त्याने घेतली नाही, पण हा धंदा तो नीट शिकला.

मग १८५७ चे वर्ष उजाडले. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ परत घेतले तेव्हा शहराची दशा काय झाली होती, ते इतिहासात तुम्ही वाचले असेल. हवेल्या पाडल्या गेल्या, घरे लुटली गेली, कित्येकांचे पुस्तकसंग्रह नाहीसे झाले. नवाबी तर त्याआधीच, १८५६ साली गेली होती. अशा उद्ध्वस्त शहरात बावीस वर्षांच्या नवल किशोर यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस छापखाना उघडला. इंग्रज अधिकाऱ्यांची मर्जी त्यांना लाभली होती, हे लपविण्याचे कारण नाही. नव्या अमलाला फॉर्म, हुकूमनामे, कायद्यांचे तर्जुमे छापून हवे होते, आणि यांना काम हवे होते. १८६० साली हिंदी दंडसंहिता झाली. तिचा उर्दू तर्जुमा, म्हणजे ‘ताजीरात-ए-हिंद’, यांच्याकडे छापला गेला. अशा सरकारी कामाच्या पैशावर पुढे ग्रंथांचा डोलारा उभा राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नवल किशोर यांच्यापुढे छापण्याच्या दोन रीती होत्या. एक शिशाच्या खिळ्यांची. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात १८०० नंतर उर्दूची पुस्तके खिळ्यांवर छापली जात होती. पण तुम्ही नस्तालीक लिपी पाहिली असेल तर अडचण लगेच ध्यानात येईल. तिच्यात अक्षर आपल्या शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते, शब्द उजवीकडून डावीकडे येताना खाली उतरत जातो, नुक्ते जागा मिळेल तेथे बसतात. खिळा म्हणजे चौकोनी तुकडा. तो सरळ ओळीत उभा राहणार. नस्तालीकसाठी शेकड्यांनी वेगवेगळे खिळे पाडावे लागत, आणि तरीही छापलेला शब्द मोडक्या दातांसारखा दिसे. नस्ख लिपी सपाट ओळीवर चालते, तिचे खिळे सोपे. पण उर्दू वाचणाऱ्याचा डोळा नस्तालीकला सरावलेला. नस्खमध्ये छापलेली उर्दू त्याला परकी वाटे, आणि पुस्तक दुकानात पडून राही.

दुसरी रीत शिळाछापाची. जर्मनीतील म्युनिक येथे सेनेफेल्डर नावाच्या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी ती शोधून काढली. नाटके लिहिणारा हा माणूस आपली नाटके स्वस्तात छापण्याची खटपट करीत होता. घोटून गुळगुळीत केलेल्या चुनखडी दगडावर तेलकट शाईने लिहावयाचे, मग दगड ओला करावयाचा. तेल आणि पाणी एकमेकांना धरीत नाहीत, म्हणून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त लिहिलेल्या जागी चिकटते. वर कागद ठेवून दाबला की झाले. दगडावर अक्षरे उलटी हवीत, पण कातिबाने उलटे लिहिण्याची गरज नसे. तो खळ लावलेल्या कागदावर नेहमीसारखे सुलटे लिही, आणि तो कागद दगडावर दाबला की अक्षरे उलटी होऊन उतरत. चूक राहिलीच तर संगसाज नावाचा कारागीर दगडावरच, उलट्या अक्षरांत, ती दुरुस्त करी. त्या कारागिरांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, पण काय हात असेल त्यांचा!

ही विद्या १८२० नंतरच्या दशकात कलकत्त्यास व मुंबईस आली. नवल किशोर यांनी तिचा शोध लावला नाही, की ती लखनौस प्रथम आणलीही नाही. त्यांनी ओळखले ते एवढेच, की या रीतीत वाचणाऱ्याला आपली सवय सोडावी लागत नाही. हस्तलिखितात जसे पान असे तसेच छापील पान. मध्ये अरबी मूळ मोठ्या नस्खमध्ये, ओळीखाली बारीक नस्तालीकमध्ये तर्जुमा, चारी बाजूंच्या समासात तिरपी उतरलेली टीका. असे पान खिळ्यांनी जुळवावयाचे म्हटले तर जुळाऱ्याला घाम फुटेल. कातिबाला ते रोजचेच काम. जुन्या ज्ञानाचा नमुना तोच राहिला, आणि किंमत मात्र इतकी उतरली की शाळामास्तरालाही पुस्तक घेता येऊ लागले.

आपल्या मराठीचे उलट झाले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवरच. पण बाळबोध अक्षरे सुटी सुटी उभी राहतात, त्यांचे खिळे पाडणे जमण्यासारखे होते, आणि गणपत कृष्णाजी लवकरच खिळ्यांकडे वळले. पुढे १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला आणि बाळबोध खिळा देखणा झाला. धारेने लिहिली जाणारी मोडी मात्र मागे पडली. तिचेही खिळे बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात पाडले गेले होते, तरी पुस्तकांच्या जगात ती टिकली नाही. शेकडो वर्षे हिशेब, पत्रे आणि दफ्तरे वाहून नेणारी लिपी आज आपल्यापैकी किती जणांना वाचता येते? आपल्या वाडवडिलांच्या जमिनींचे कागद मोडीत असतात आणि ते वाचायला माणूस शोधावा लागतो. नस्तालीकच्या वाट्याला हे आले नाही, याचे श्रेय दगडाला आणि त्या दगडावर इतका भरवसा टाकणाऱ्या छापखानदारांना आहे.

नवल किशोर यांनी काय छापले नाही असेच विचारावे. कुराण शरीफ, हदीस, तफसीर, ‘फतावा-ए-आलमगिरी’चा उर्दू तर्जुमा, अबुल फजलचा ‘अकबरनामा’, मौलाना रूमींची मसनवी, गालिबचे फारसी कुल्लियात (१८६३), वैद्यक, ज्योतिष, शाळेची अंकगणिते. आणि त्याच छपराखाली तुलसीदासांचे रामचरितमानस आणि सूरदासांची पदे. कुराण शरीफच्या छपाईवेळी कारागीर वजू करूनच दगडाला हात लावीत, अशी आठवण सांगितली जाते. दंतकथेत भर पडत जाते हे मान्य करूनही, मौलवी आणि हाफिज यांना पगारी ठेवून मजकूर तपासून घेतला नसता तर मुसलमान गिऱ्हाइकांनी हा मुसहफ घरात घेतला नसता, हे उघड आहे. ज्या घरांत कुराण शरीफची स्वतःची प्रत असणे ही श्रीमंतीची खूण होती, तेथे ती साध्या माणसाच्या ताकात येऊन बसली. या छापखान्याची पुस्तके अफगाणिस्तान आणि मध्य आशियापर्यंत जात.

दास्तानगो मंडळी लखनौच्या चौकात रात्र रात्र अमीर हमजाची दास्तान सांगत. ऐकणारा उठून गेला की गोष्ट हवेत विरे. नवल किशोर यांनी मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांच्यासारख्या दास्तानगोंना हाताशी धरून ती लिहवून घेतली. हे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले आणि शेवटी ४६ जाडजूड खंड झाले. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ त्यातलेच. हे झाले नसते तर तोंडी चालत आलेली ही सगळी विद्या शेवटच्या दास्तानगोबरोबर कबरीत गेली असती.

वर्तमानपत्राशिवाय छापखाना अपुरा, हे लाहोरला शिकलेले होतेच. ‘अवध अखबार’ साप्ताहिक म्हणून सुरू झाले आणि १८७७ साली रोज निघू लागले. इंग्रजी पत्रांतील मजकूर तर्जुमा होऊन त्यात येई, आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाला तुर्कस्तानात काय चालले आहे, कलकत्त्यास कोणता कायदा झाला, ते आपल्या भाषेत कळे. रतननाथ सरशार १८७८ मध्ये संपादक झाले, आणि त्यांचे ‘फसाना-ए-आजाद’ याच पत्रात हप्त्याहप्त्याने आले. १८५४ साली टपालाचा दर सर्व देशात एक झाला, लखनौ-कानपूर आगगाडी १८६७ मध्ये सुरू झाली, १८७७ साली व्ही. पी.ची सोय निघाली. गावातला माणूस यादी पाहून कार्ड टाकू लागला आणि पुस्तक दारात आल्यावर पैसे देऊ लागला. दगड, टपाल आणि आगगाडी एकत्र आली तेव्हाच पुस्तक खेड्यात पोहोचले.

सगळेच गोड होते असे मात्र समजू नका. ‘अवध अखबार’ सरकारला दुखवीत नसे. ज्याच्या ठेक्यावर छापखाना चालतो त्याच्याविरुद्ध लेखणी उचलणे कठीण, ही गोष्ट तेव्हाही तशीच होती. शिळाछापालाही मर्यादा होती. काही हजार प्रती निघाल्या की अक्षर पुसट होई, दगड घोटून दुसऱ्या कामाला लागे, आणि पुढच्या आवृत्तीसाठी कातिबाने सारे पुस्तक पुन्हा लिहावयाचे. प्रत्येक नव्या लेखणीबरोबर नव्या चुका शिरत. सर सय्यद अहमद खान यांना हे पटत नव्हते. त्यांनी १८६४ साली स्थापन केलेल्या सायंटिफिक सोसायटीचे गॅझेट आणि १८७० चे ‘तहजीब-उल-अखलाक’ त्यांनी खिळ्यांवर छापले. शास्त्राचे पुस्तक भराभर आणि बिनचूक निघावे, पुन्हा पुन्हा निघावे, हा त्यांचा आग्रह. पालकहो, कोण बरोबर होते असे मला विचाराल तर उत्तर देणे जड जाईल. नवल किशोर यांनी आजच्या वाचकाचा विचार केला, सर सय्यदांनी उद्याच्या विद्यार्थ्याचा. वाचकाने कौल दिला तो दगडाला, आणि त्याची किंमत म्हणून उर्दू वर्तमानपत्रांना पुढे शंभर वर्षे रोजची प्रत हाताने लिहवून घ्यावी लागली.

कागद विलायतेहून येई आणि महाग पडे. १८७९ साली लखनौला कागदाची गिरणी निघाली तीत नवल किशोर यांचा पुढाकार होता. १९ फेब्रुवारी १८९५ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे वय एकोणसाठ होते. मुलगा प्रागनारायण यांनी कारभार पुढे चालवला. पुढे वारसांत वाटण्या झाल्या आणि छापखान्याचे जुने वैभव ओसरले. १९७० साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

दगड गेले तरी कातिब राहिला. तो आता ऑफसेटसाठी लिहू लागला. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने हजारो शब्दखंड एकेक करून हाताने लिहिले, ते संगणकात घातले गेले, आणि लाहोरचे ‘जंग’ हे पत्र त्या अक्षरांत निघाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत उर्दू पत्रांच्या कचेऱ्यांतील कातिबांच्या बैठका उठल्या. आज आपली मुले मोबाईलवर उर्दू लिहितात ती पुष्कळदा रोमन अक्षरांत, कारण बोटाला ती सोपी पडतात. संगणकावरची नस्तालीक मात्र अजूनही तशीच तिरपी उतरते, आणि तिचे वळण खुशनवीसांच्या बोरूतूनच आलेले आहे.