या माणसाने ४७ वर्षं हवा मोजली, म्हणून समुद्राचं दुखणं कळलं

पेणच्या बाजारात तिसऱ्या घेताना चार्ल्स डेव्हिड कीलिंग हे नाव कुणाला आठवत नाही. पण तिसऱ्यांच्या शिंपल्यांशी या माणसाचा संबंध आहे.

कीलिंग १९२८ साली अमेरिकेत जन्मले. १९५८ मध्ये त्यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साईड मोजायला घेतला. आकडा आला दहा लाखांत साधारण ३१३ भाग. पुढे तो दरवर्षी वाढतच गेला.

१९६४ मध्ये पैसे आटले आणि काही महिने मोजणी बंद पडली. वर्षानुवर्षं एकच गोष्ट मोजायला पैसे कोण देणार? कीलिंग निधीसाठी भांडत राहिले.

हा वायू समुद्रात विरघळला की आम्ल तयार होतं आणि शिंपले बनायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. १९८३ पासून कीलिंग बर्म्युडाजवळचं समुद्राचं पाणीही तपासू लागले.

२००५ मध्ये ते गेले, तेव्हा हवेतला आकडा ३८० च्या घरात होता. मुलगा राल्फ यांनी मोजणी पुढे चालवली.

औद्योगिक क्रांतीपासून समुद्राची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. धरमतरच्या खाडीत भरतीला येतं, ते याच समुद्राचं पाणी.