वाया न गेलेले वर्ष

पुण्याजवळ नदीपलीकडे, येरवड्यास, डेक्कन कॉलेजाची भव्य दगडी इमारत आहे. इ. स. १८७३ च्या आरंभी सोळा वर्षांचा एक कृश तरुण या कॉलेजात शिकावयास आला. त्याचे नाव बाळ गंगाधर टिळक. पुढे सारा देश ज्यांना लोकमान्य म्हणून ओळखू लागला, तेच हे टिळक.

त्यांच्या वाट्याला सुख बेताचेच आले होते. दहाव्या वर्षी आई वारली. वडील गंगाधरपंत हे गणित व संस्कृत यांचे व्यासंगी शिक्षक होते. १८७२ च्या ऑगस्टात तेही निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस बळवंतरावांनी मॅट्रिकची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. वडिलांमागे काका-काकूंनी त्यांचा सांभाळ केला.

बळवंतरावांची बुद्धी तल्लख होती, परंतु शरीर दुर्बळ होते. मोठे कार्य करावयाचे तर दुबळे शरीर कसे पुरे पडणार, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर त्यांनी एक विलक्षण निश्चय केला. कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यास वाहिले. भल्या सकाळी उठून ते व्यायाम करीत, कुस्ती खेळत, नदीत मनसोक्त पोहत. आहारही त्यांनी नेमका ठेवला. या साऱ्यात अभ्यास मागे पडला आणि त्या वर्षीच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. पितृछत्र हरपलेल्या मुलाचे एक वर्ष गेले, हे नुकसान लहान नव्हते. बळवंतरावांनी ते जाणूनबुजून पत्करले होते. वर्षाच्या अखेरीस त्यांची प्रकृती पार पालटून गेली. औषधांच्या बाटल्या जवळ बाळगणाऱ्या सोबत्यांची ते थट्टा करीत आणि त्यांना व्यायामाची वाट दाखवीत.

मग त्यांनी अभ्यासाकडे मोर्चा वळविला. नेमलेले पुस्तक वाचून ते कधी थांबत नसत. एखादा विषय हाती घेतला की त्याच्या मुळाशी जात. गणितात त्यांना विशेष गोडी होती. त्या काळचे नामांकित गणिती प्राध्यापक केरूनाना छत्रे यांचे ते आवडते शिष्य होते. स्वभाव मात्र रोखठोक. मनात येईल ते स्पष्ट बोलून टाकीत. म्हणून सोबत्यांनी त्यांना तशीच नावे ठेविली होती. १८७६ साली ते बी. ए.ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८७९ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली.

याच काळात गोपाळ गणेश आगरकर या बुद्धिमान सहाध्यायाशी त्यांचा स्नेह जुळला. आगरकरांनी अत्यंत गरिबीतून शिक्षण घेतले होते. देशाच्या दैन्यावर उपाय कोणता, यावर दोघे मित्र रात्र रात्र वाद घालीत. लोक शहाणे झाल्यावाचून देश वर येणार नाही, या निष्कर्षावर ते आले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरी व मोठा पगार सहज मिळे. आगरकरांच्या घरी तर पैशाची निकड होती. तरीही सरकारी चाकरी न करता लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचे, असे त्यांनी ठरविले.

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. झाल्यावर आगरकरही त्यांना येऊन मिळाले. १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघा मित्रांचे मार्ग वेगळे झाले. परंतु कॉलेजात केलेला निश्चय दोघांपैकी एकानेही मोडला नाही.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत आली होती. त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथील कडक उन्हाळा, मधुमेहाचा विकार, एकांतवास आणि त्यातच १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ता! असे असूनही त्यांनी तेथे ‘गीतारहस्य’ हा थोर ग्रंथ लिहिला आणि १९१४ साली ते कार्यास सज्ज होऊन परतले. मन तर खंबीर होतेच; त्या मनाला साथ देणारे शरीर त्यांनी तरुणपणीच घडविले होते. परीक्षेच्या हिशेबात बुडालेले ते एक वर्ष त्यांना जन्मभर पुरले.